एकवीस गिअर घेऊन चढ का चढत नाही? मराठवाड्यातल्या वाटांसाठी माउंटन बाइकचं गिअरिंग

सायकलच्या दुकानात गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती गिअरची आहे?" दुकानदाराचं उत्तरही ठरलेलं, "एकवीस आहेत भाऊ, कुठंबी चढंल." लातूरला विचारा नाहीतर जालन्याला, संवाद हाच. पण एकविसाच्या आकड्यावरून सायकल कुठं चढेल याचा काहीच पत्ता लागत नाही. एकवीस गिअरची सायकल दौलताबादच्या घाटात हातानं ढकलावी लागते आणि शेजारून नऊ गिअरवाला बसल्या बसल्या वर जातो, हे सहज घडतं. विचारायचे दोन आकडे वेगळेच आहेत. पुढच्या सगळ्यात लहान चकतीला दात किती? आणि मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीला किती?

नवी सायकल घेणाऱ्यांनी आणि असलेलीच सुधारू पाहणाऱ्यांनी या दोन आकड्यांपासूनच सुरुवात करावी. वेगाचा गिअर, नवं मॉडेल, ब्रँड हे सगळं नंतर.

आधी रस्ता बघा

मराठवाडा म्हणजे सपाट, असं बाहेरचे लोक म्हणतात. पैठण, गेवराई, परभणी, नांदेड असं गोदाकाठानं फिरलं तर ते पटतंही. पण उत्तरेला अजिंठ्याची रांग आहे, गौताळा आहे, खुलताबादच्या पुढं सुमारे १,०६७ मीटर उंचीचं म्हैसमाळ आहे. खाली बीड, धाराशिव, लातूर भागात बालाघाट पसरलाय. मांजरसुंब्याचा घाट, येडशी-रामलिंगचा परिसर, परळीहून अंबाजोगाईला चढणारा रस्ता, तुळजापूरचा घाट, हे सगळे त्याच डोंगराचे काठ.

आपल्याकडच्या चढांचा स्वभाव सह्याद्रीपेक्षा निराळा आहे. तिकडं दहा-पंधरा किलोमीटर घाट चालतच राहतो. इकडं वीस-तीस किलोमीटर सपाट, मग पठाराच्या कडेवर छोटा पण अंगावर येणारा चढ, आणि वर गेलं की पुन्हा सपाट. म्हणून आपल्याला दोन टोकाच्या गोष्टी लागतात. चढासाठी एक-दोन खूप हलके गिअर हवेत, आणि सपाटीसाठी मधले गिअर एकमेकांच्या जवळ हवेत. मधल्या गिअरचं महत्त्व जून-जुलैत कळतं. पश्चिमेचा वारा सुटला की सपाट रस्तासुद्धा चढ होतो, आणि हा चढ तासभर संपत नाही. तेव्हा एक गिअर जड वाटतो आणि त्याखालचा फार हलका, अशी स्थिती असेल तर पाय हैराण होतात.

तिसरी गोष्ट म्हणजे पांदणी आणि गाडीवाटा. मुरूम असेल तर माउंटन बाइकची खरी मजा तिथंच. मात्र चाकोरीतून बाहेर पडताना, ओढ्याच्या उतारातून लगेच समोरच्या काठावर चढताना गिअर पटकन आणि खात्रीनं पडायला हवा. तिथं नेमका किती हलका, यापेक्षा पडतो की नाही हे जास्त मोलाचं ठरतं.

दात मोजा

सायकल उलटी न करता भिंतीला टेकवा. मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीच्या एका दातावर खडूनं खूण करा आणि तिथून मोजत परत खुणेवर या. पायडल मागं फिरवत मोजलं की सोपं जातं. बऱ्याच चकत्यांवर आकडा कोरलेलाही असतो, '२८टी', '३४टी' असा. धूळ पुसा म्हणजे दिसेल. पुढच्या चकत्यांचंही तसंच करा.

आता पुढचे दात भागिले मागचे दात. हे गुणोत्तर म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात मागचं चाक किती वेळा फिरतं ते. आकडा जितका लहान तितका गिअर हलका.

आपल्या बाजारात फार दिसणारी जोडी घेऊ. पुढं ४२-३४-२४ अशा तीन चकत्या, मागं सात चकत्यांचं १४ ते २८ दातांचं फ्रीव्हील. सगळ्यात हलका गिअर २४ भागिले २८, म्हणजे ०.८६. सगळ्यात जड ४२ भागिले १४, म्हणजे ३. मधल्या सगळ्यांची कागदावर यादी केली की गंमत दिसते. पुढं ४२, मागं २८ केलं तरी दीड, आणि पुढं २४, मागं १६ केलं तरी दीडच. ३४-२० आणि २४-१४ या दोन जोड्या जवळपास सारख्या. असे एकावर एक आलेले गिअर वगळले तर एकविसातले पायाला वेगळे जाणवणारे जेमतेम डझनभर उरतात. एकवीस ही सायकलवर लावायच्या चिठ्ठीची संख्या आहे, पायाची नाही.

तुलनेला एक-बाय-नऊ घ्या, म्हणजे पुढं एकच ३२ दातांची चकती आणि मागं ११ ते ४६ दातांची नऊ चकत्यांची कॅसेट. हलका गिअर ३२ भागिले ४६, म्हणजे ०.७०. जड २.९१. वरचा वेग जवळपास तेवढाच, खालची बाजू मात्र चांगलीच हलकी. गिअर निम्म्याहून कमी आणि चढायला जास्त सोपी, ती अशी.

गुणोत्तराला चाकाच्या परिघानं गुणलं की एका फेऱ्यात सायकल किती मीटर पुढं जाते ते निघतं. २७.५ इंची चाकाचा परिघ २.१ इंच रुंद टायरसह साधारण २.१७ मीटर भरतो, २९ इंचीचा २.२८ च्या आसपास. म्हणून तोच गिअर २९ इंची चाकावर थोडा जड लागतो. २७.५ वरून २९ वर जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवून पुढची चकती दोन दातांनी लहान घ्यावी.

आपल्याला किती हलका गिअर लागतो?

थोडा हिशेब करू. सायकलस्वार, सायकल, पाणी, पिशवी मिळून ९० किलो धरा. चढ ८ टक्क्यांचा, म्हणजे शंभर मीटर अंतरात आठ मीटर उंची. ०.८६ च्या गिअरमध्ये मिनिटाला ६० फेरे मारले तर २७.५ इंची सायकल ताशी साधारण ६.७ किलोमीटरनं चढते, आणि त्याला सुमारे १४५ ते १५० वॅट ताकद लागते. नेहमी सायकल चालवणारा माणूस हे काही वेळ पेलतो. त्याच चढावर पुढं ३४ आणि मागं २८ ठेवून ६० फेरे मारायचे, तर वेग साडेनऊ होतो आणि ताकद दोनशे वॅटच्या वर जाते. ती नसते, म्हणून फेरे चाळीसवर येतात, गुडघे दुखतात, आणि दुसऱ्या वळणावर माणूस खाली उतरतो. लोक म्हणतात दम कमी पडला. खरं तर गिअर कमी पडलेला असतो.

माझं साधं मोजमाप असं. परभणी, नांदेड, हिंगोलीच्या सपाट भागात ऑफिस, शेत, सकाळची फेरी एवढंच असेल तर १ च्या आसपासचा हलका गिअर पुरतो. आठवड्याला एखादा घाट किंवा टेकडी असेल, जसं छत्रपती संभाजीनगरची गोगाबाबा टेकडी किंवा दौलताबाद-खुलताबाद, तर ०.८५ च्या खाली जा. मुरमाच्या खड्या वाटा, गौताळ्याकडचं फिरणं, पाठीवर किंवा कॅरिअरवर सामान, चाळिशीपुढचे गुडघे, नाहीतर नव्वद किलोपुढचं वजन, यातलं काहीही एक असेल तर ०.७ किंवा त्याहून कमी. यात लाज वाटून घेऊ नका. हलका गिअर असून वापरला नाही तर काही बिघडत नाही, नसला तर मात्र ढकलावंच लागतं.

वरच्या टोकाचं कौतुक फार करू नये. ३ च्या गिअरमध्ये मिनिटाला ८० फेरे मारले की ताशी ३१ किलोमीटर होतात. जाड टायरच्या सायकलवर सपाटीला त्याहून जास्त वेग फारच थोडे लोक टिकवतात, आणि घाट उतरताना पायडल मारायचीच नसते.

तीन चकत्या, दोन की एक?

इंटरनेटवर वाचलं तर एकच उत्तर मिळतं, पुढं एक चकती. २०१२ मध्ये स्रॅम कंपनीनं एक-बाय-अकरा आणलं, २०१६ मध्ये ईगल नावानं १० ते ५० दातांचं एक-बाय-बारा आलं, आणि तेव्हापासून महागड्या माउंटन बाइकवरून पुढचा डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग, गेलाच. आपल्या मातीत त्याचे फायदेही आहेत. पुढच्या डिरेलरच्या पिंजऱ्यात काळी माती अडकते, एक केबल आणि एक शिफ्टर (हँडलवरचा गिअर बदलायचा खटका) जास्त सांभाळावा लागतो, आणि नवशिक्याचा डावा-उजवा हात गोंधळतो. यातलं एक-बायमध्ये काही नाही.

तरीही तिहेरी चकतीला मी भंगारात काढणार नाही. जुन्या चांगल्या माउंटन बाइकवर पुढं ४२-३२-२२ आणि मागं ११-३४ असायचं. त्याचा हलका गिअर २२ भागिले ३४, म्हणजे ०.६५. वर ज्याचं कौतुक केलं त्या ३२-४६ पेक्षाही हलका! शिवाय गिअर एकमेकांच्या जवळ, म्हणजे वाऱ्यात उत्तम. कुणाकडे अशी सायकल धूळ खात पडली असेल तर चेन, केबल बदलून तीच वापरा.

आणखी एक विचार सुट्या भागांचा. तालुक्याच्या गावी सात-आठ स्पीडची (म्हणजे मागं तेवढ्या चकत्या असलेल्या सायकलीची) चेन, केबल, साधं फ्रीव्हील मिळतं आणि मिस्त्रीला त्याची सवय असते. बारा स्पीडची चेन तुटली तर ऑनलाइन मागवा आणि वाट पाहा. तुम्ही मोठ्या शहरात राहत नसाल आणि रोज सायकल लागत असेल, तर आठ किंवा नऊ स्पीडवर थांबणं शहाणपणाचं. बारा स्पीड हौसेला छान आहे, नडीला नाही.

दुहेरी चकती, म्हणजे ३६-२२ सारखी जोडी, हा मधला मार्ग. नव्या सायकलींत ती कमी दिसते. मिळाली आणि हलका गिअर हिशेबात बसला तर बिनधास्त घ्या.

असलेली सायकल हलकी कशी करायची

नवी सायकल घेण्याआधी हे वाचा. यातला पहिला उपाय स्वस्त आहे आणि बहुतेकांचं काम त्यातच होतं.

मागं फ्रीव्हील आहे की कॅसेट, हे आधी ओळखा. चाक काढून चकत्या मागच्या दिशेनं फिरवा. चकत्यांच्या मधलं, पाना बसायचं खाचांचं कडं त्यांच्याबरोबर फिरलं तर ती कॅसेट. कडं जागेवर राहिलं आणि चकत्याच फिरल्या तर फ्रीव्हील. स्वस्त सात स्पीडच्या सायकलींवर बहुतेक फ्रीव्हीलच असतं, आट्यांवर आवळलेलं. त्याचा एक तोटा माहीत असावा. फ्रीव्हीलच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यात, उजवीकडचं बेअरिंग आत सरकलेलं असतं, त्यामुळे एक्सलचा लांब तुकडा आधाराविना राहतो. जड माणूस, सामान आणि खड्डे एकत्र आले की तो वाकतो, कधी मोडतोही. कॅसेटच्या हबमध्ये बेअरिंग पार टोकाला असतं, म्हणून ते दणकट. वजन जास्त असेल तर नवी सायकल घेताना कॅसेटचाच आग्रह धरा.

स्वस्त उपाय असा. १४-२८ चं फ्रीव्हील काढून १४-३४ चं लावायचं. सात स्पीडमध्येच मिळतं आणि शिफ्टर तोच चालतो. पहिल्या सहा चकत्या साधारण त्याच, फक्त शेवटची एकदम २४ वरून ३४ वर उडी मारते. उडी मोठी आहे, पण ती चढावरच लागते. पुढं २४ असेल तर हलका गिअर २४ भागिले ३४, म्हणजे ०.७१ होतो. एक-बाय-नऊ करायला जेवढा खर्च येतो त्याच्या कितीतरी कमी पैशात जवळपास तीच चढाई हाती आली.

पण दोन गोष्टी तपासा. मागचा डिरेलर ३४ दात पेलतो का, हे त्याच्या मॉडेल क्रमांकावरून कंपनीच्या माहितीपत्रकात मिळतं. दुसरं त्याची एकूण क्षमता. पुढच्या मोठ्या-लहान चकतीच्या दातांतला फरक अधिक मागच्या मोठ्या-लहान चकतीतला फरक. इथं १८ अधिक २०, म्हणजे ३८. डिरेलरची क्षमता त्याहून कमी असेल तर चेन कुठंतरी ढिली लोंबते नाहीतर करकचून ताणली जाते. कमी पडला तर लांब पिंजऱ्याचा, म्हणजे दोन छोट्या चाकांमधली पट्टी लांब असलेला, डिरेलर घ्या. शिमानो कंपनीच्या सहा ते नऊ स्पीडच्या मागच्या डिरेलरना केबलची ओढ सारखीच लागते, म्हणून सात स्पीडच्या शिफ्टरवर आठ-नऊ स्पीडचा डिरेलर चालतो. दहा स्पीडपासून पुढं हे गणित बदलतं. मायक्रोशिफ्ट कंपनीच्या ॲडव्हेंटसारख्या संचांची ओढ वेगळी असते, तिथं शिफ्टर आणि डिरेलर जोडीनंच घ्यावे लागतात. २०२३ मध्ये शिमानोनं आणलेला क्यूज हा संचही जुन्या शिफ्टरशी जुळत नाही. "बसवून टाकतो, चालंल" म्हणणाऱ्या मिस्त्रीला इथंच थांबवा.

फ्रीव्हील काढायला त्याच्या खाचांना नेमका बसणारा पाना लागतो. चालवताना ते आवळतच जातं, म्हणून वर्षभर वापरलेलं सहज सुटत नाही. पाना मोठ्या शिकंजात धरून चाकच स्टिअरिंगसारखं डावीकडं फिरवणं ही खात्रीची पद्धत. छिन्नी-हातोडीनं ठोकायला निघाला तर चाक घेऊन परत या. नवं बसवताना आट्यांना ग्रीस लावायला विसरू नका, पुढच्या खेपेला हायसं वाटेल.

दुसरा उपाय पुढची चकती लहान करण्याचा. स्वस्त क्रँकवर (पायडलच्या दांड्यांच्या जोडावर) चकत्या रिव्हेटनं ठोकलेल्या असतात, त्या वेगळ्या निघत नाहीत, पूर्ण क्रँकच बदलावा लागतो. बोल्टच्या असतील तर समोरासमोरच्या दोन बोल्टमधलं अंतर मोजा. जुन्या माउंटन बाइकवर चार बोल्टचं १०४ मिलिमीटरचं वर्तुळ फार चालतं आणि त्यात ३२ दातांची चकती सहज मिळते.

तिसरा उपाय पूर्ण एक-बाय करण्याचा. त्याला मागं कॅसेटचा हब, मोठी कॅसेट, क्लच (चेन उसळू न देणारी रचना) असलेला लांब डिरेलर, जुळणारा शिफ्टर, नवी चेन आणि पुढं एक जाड-एक बारीक दातांची चकती लागते. असे दात चेनला धरून ठेवतात, त्यामुळे खडबडीत वाटेवर ती उडत नाही. साध्या, एचजी प्रकारच्या हबवर सगळ्यात लहान चकती ११ दातांची बसते. १० दातांसाठी मायक्रो स्प्लाइन किंवा एक्सडी प्रकारचा हब लागतो, म्हणजे खर्च आणखी वाढला. तिहेरी क्रँकवर ही चकती मधल्या जागी बसवा, म्हणजे चेनची रेषा मागच्या संचाच्या मध्यावर राहते. सायकल मुळात स्वस्तातली असेल तर हा उपाय करू नका. तेवढ्या पैशात बरी जुनी सायकल मिळते.

चेनची लांबी: डिरेलरमधून न ओवता चेन पुढच्या आणि मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीवरून गुंडाळा, जिथं जुळते तिथून दोन कड्या, म्हणजे एक इंच, जास्त ठेवा. एक-बाय-बारामध्ये कंपनी थोडी जास्त लांबी सांगते, तिथं मॅन्युअल प्रमाण. मागं मोठं फ्रीव्हील टाकून जुनी आखूड चेन तशीच ठेवली, तर मोठी-मोठी जोडी पडताच डिरेलर उखडतो.

गिअर लावणं: क्रम चुकला की सगळं चुकलं

बहुतेक लोक आधी केबल पिळत बसतात. ते सगळ्यात शेवटचं काम आहे.

सुरुवात हँगरपासून, म्हणजे डिरेलर ज्या ॲल्युमिनियमच्या कानाला लटकतो तिथून. सायकलच्या मागं उभं राहून पाहा, डिरेलरची दोन्ही छोटी चाकं आणि वरची चकती एका सरळ रेषेत दिसली पाहिजेत. सायकल उजव्या अंगावर पडली की हा कान आत वाकतो. वाकलेल्या कानावर कितीही स्क्रू फिरवा, एक गिअर जुळला की दुसरा बिघडतो. स्वस्त सायकलींत डिरेलर एक्सलच्या नटातच अडकवलेला असतो. तिथं नट सोडून पट्टी सरळ करून आवळा.

मग मर्यादेचे दोन स्क्रू. केबल सोडून द्या. चेन मागच्या सगळ्यात लहान चकतीवर येईल. 'एच' लिहिलेला स्क्रू असा फिरवा, की डिरेलरचं वरचं चाक त्या चकतीच्या बरोबर खाली, बाहेरच्या कडेच्या रेषेत येईल. नंतर पायडल हातानं फिरवत डिरेलर बोटानं आत ढकला आणि चेन सगळ्यात मोठ्या चकतीवर चढवा. 'एल' स्क्रू एवढा आवळा, की चेन चढेल पण जोर लावला तरी आऱ्यांकडे जाणार नाही. हा स्क्रू मन लावून करा. चढावर जोरात गिअर टाकताना चेन आऱ्यात गेली तर आरे, डिरेलर आणि कधी चाकही जातं.

'बी' स्क्रूनं वरचं छोटं चाक आणि सगळ्यात मोठी चकती यांच्यात पाच-सहा मिलिमीटर अंतर ठेवा. फ्रीव्हील २८ वरून ३४ केलं असेल तर हा स्क्रू हमखास आवळावा लागतो. नाहीतर चाक चकतीला घासून कर्र असा आवाज येतो. मोठ्या कॅसेटच्या डिरेलरना अंतर वेगळं लागतं, ते पिंजऱ्यावरच्या खुणेनं किंवा मॅन्युअलमधून घ्या.

आता केबल. शिफ्टर सगळ्यात जड गिअरवर ठेवून केबल ताणून बोल्ट आवळा. एक क्लिक करा. चेन दुसऱ्या चकतीवर चढली नाही तर बॅरल (केबलच्या टोकाचं हातानं फिरवायचं बटण) अर्धा फेरा डावीकडं सोडा, केबल ताणली जाईल. चढली पण तिसऱ्याला घासतेय, किंवा खाली पडताना अडखळतेय, तर अर्धा फेरा उजवीकडं. एका वेळी अर्धाच फेरा, मग पायडल फिरवून पाहा. नवी केबल आठवड्याभरात थोडी ताणते, तेव्हा हेच पुन्हा करावं लागेल. सगळं नीट लावूनही गिअर जड पडत असेल तर आउटरमध्ये, म्हणजे केबलच्या बाहेरच्या नळीत, धूळ गेलीय. केबल-आउटर मिळून बदला, साफ करत बसू नका.

पायाला सवय लावणं

गिअर लावून सायकल बदलते, माणूस नाही. साध्या सायकलवर वाढलेल्या आपल्या लोकांना जोर लावून पायडल मारायची सवय असते. हलका गिअर टाकला की पाय नुसतेच फिरतात, वेग नाही, असं वाटतं आणि दोन मिनिटांत गडी परत जड गिअरवर येतो. इथं थोडी जिद्द लागते. पहिले पंधरा दिवस सपाटीला नेहमीपेक्षा एक गिअर हलका ठेवून चालवा आणि मिनिटाला ७० ते ८० फेरे धरा. मोजायला यंत्र नको. पंधरा सेकंदात उजवा गुडघा किती वेळा वर आला ते मोजा आणि चारनं गुणा. मांड्यांची जळजळ कमी होऊन श्वास थोडा वाढतो. तसंच व्हायला हवं. सीट खूप खाली असेल तर मात्र फेरे वाढतच नाहीत. पायडल सगळ्यात खाली असताना टाच टेकून पाय सरळ होईल एवढी सीट वर घ्या.

घाटाआधी गिअर टाका, घाटात नाही. दौलताबादचा किल्ला मागं टाकून रस्ता वर वळायला लागतो, तिथं पुढची चकती लहान झालेली हवी. कारण जोर लावलेल्या चेनवर पुढचा डिरेलर चालत नाही, चेन एक तर पडत नाही किंवा पार आत पडते. मागचा गिअर चढात बदलता येतो, पण बदलताना अर्धा फेरा पाय हलका सोडा. 'कडाड' आवाज आला तर जोर जास्त होता असं समजा. वरच्या अरुंद वेशीपाशी गाड्यांची कोंडी होते, म्हणून तिथं थांबायच्या आधी हलका गिअर टाकून ठेवा. चढावर जड गिअरमध्ये थांबलेली सायकल परत सुरू करणं महाकठीण. सकाळी लवकर जाणं सगळ्यात बरं.

तिहेरी चकतीवाल्यांनी मोठी-मोठी आणि लहान-लहान या तिरक्या जोड्या टाळाव्यात. सोपा नियम म्हणजे मधली चकती सपाटीला, लहान फक्त चढाला, मोठी वारा पाठीशी असताना. अख्खी परभणी-जिंतूर फेरी मधल्या चकतीवर होते.

तीनवरून एक चकतीवर गेलेल्यांची तक्रार वेगळी असते. मोठ्या कॅसेटवर दोन गिअरमधली पायरी १५ ते २० टक्क्यांची असते. वाऱ्यात ती टोचते. यावर इलाज म्हणजे फेऱ्यांचा आवाका वाढवणं, त्याच गिअरमध्ये ६५ ते ९० फेरे आरामात मारता आले पाहिजेत. हे महिन्याभरात जमतं. तरीही सारखं मधे अडकल्यासारखं वाटत असेल तर पुढची चकती दोन दातांनी बदलून पाहा. सगळे गिअर थोडे सरकतात आणि तुमचा रोजचा वेग नेमक्या चकतीवर येतो.

मुरमाच्या चढावर सगळ्यात हलका गिअर टाकला की मागचं चाक जागेवर गरकन फिरतं. तिथं सीटवर थोडं पुढं सरका, कोपरं वाकवा आणि एक गिअर जड ठेवा. उभं राहू नका.

फुफाटा, काळी माती आणि चेन

आपल्याकडं गिअरचा खरा शत्रू चढ नाही, हवामान आहे. उन्हाळ्यात फुफाटा चेनच्या तेलात बसतो आणि त्याचा पॉलिश पेपर होतो. म्हणून चेनला ग्रीस नको, गाडीचं जाड इंजिन ऑइल नको. पातळ ड्राय ल्यूब (कोरड्या हवेसाठीचं चेनचं तेल) एकेका कडीवर एक थेंब, आणि दहा मिनिटांनी वरचं सगळं फडक्यानं पुसून टाका. तेल आत हवं, बाहेर चिकटलेलं फक्त धूळ गोळा करतं. पावसाळ्यात वेट ल्यूब चालेल.

ओली काळी माती हा प्रकार वेगळाच. पहिल्या चांगल्या पावसानंतर शेतातल्या पांदणीत सायकल घालूच नका, मुरमाचा किंवा डांबरी रस्ता धरा. अडकलातच, तर टायर भरून चाक फिरेनासं होतं आणि मातीचा गोळा डिरेलरला ओढून आऱ्यात घालतो. चाक जड लागलं की त्या क्षणी पायडल थांबवा, उतरा, सायकल खांद्यावर घ्या. काठीनं आधी डिरेलरची दोन छोटी चाकं मोकळी करा, मग चकत्यांच्या फटी, मग टायर. सर्व्हिसिंग सेंटरच्या प्रेशरच्या पाण्याचा फवारा हब आणि क्रँकच्या बेअरिंगवर मारू देऊ नका. आत गेलेलं पाणी महिनाभरात करकर करायला लागतं.

चेनची झीज स्टीलच्या पट्टीनं मोजता येते. बारा पूर्ण जोड्या, पिनच्या मध्यापासून पिनच्या मध्यापर्यंत, नव्या चेनमध्ये ३०४.८ मिलिमीटर भरतात. ३०७ झाल्या की आठ-नऊ स्पीडची चेन बदला, अकरा-बारा स्पीडची ३०६.३ लाच. ३०८ पर्यंत ओढलीत तर नवी चेन जुन्या फ्रीव्हीलवर सटकायला लागते आणि दोन्हींचा खर्च येतो.

लांब जाताना पिशवीत चेन कटर, तुमच्या स्पीडची मिसिंग लिंक (चेन हातानं जोडायची सुटी कडी) आणि सुटा हँगर ठेवा. वेड्या बाभळीच्या काट्यांसाठी पंक्चरचं सामान असतंच. आणि गौताळ्यात, जिथं मिस्त्री नाही की रिक्षा नाही, डिरेलर मोडलाच, तर तो काढून टाका. चेन तोडून आखूड करा, पुढची मधली आणि मागची मधल्या आकाराची चकती सरळ रेषेत धरून ती ताठ जोडा. चेन मोठ्या चकतीकडे सरकू पाहत असेल तर शेजारची जोडी निवडून पुन्हा जोडा. एकच गिअर उरेल, चढ आला की उतरून चालावं लागेल, पण कन्नडपर्यंत नक्की पोचाल.